विद्यापीठाच्या इमारतीत धूम्रपानबंदी : नियम नेमका कसा लिहावा?

प्रश्न : मसुदा_समिती
चार मजली इमारतीसाठी धूम्रपानाचे नियम नव्याने लिहायचे आहेत. जुन्या परिपत्रकात 'इमारतीत धूम्रपानास मनाई आहे' एवढे एकच वाक्य आहे. त्यामुळे जिना, गच्ची, मधला चौक, प्राध्यापकांच्या केबिन, सगळीकडे 'हे इमारतीत धरायचे का?' असा वाद होतो. काही सदस्यांचे म्हणणे असे की तळमजल्यावरची एक खोली एक्झॉस्ट फॅन लावून देऊन टाकावी. वेपबद्दलही (ई-सिगारेट) एकमत नाही. इमारतीत रसायनशास्त्राच्या दोन प्रयोगशाळा आहेत.

उत्तर : डक्टवाला
खोलीची कल्पना आधी रद्द करा. फॅनचा हिशोब कागदावर जमतो, दार उघडले की बिघडतो. बाहेर पडणारा माणूस आपल्यामागे खोलीतली हवा ओढत आणतो, आणि दाराला अडकण लावून ठेवण्याची सवय कुठल्याच इमारतीत सुटत नाही.

शिवाय वेळ बघा. हवा ताशी ६ वेळा बदलत असेल आणि आत नीट मिसळत असेल, तरी शेवटची सिगारेट विझल्यापासून ९९ टक्के कण जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात. ताशी २ वेळा बदलत असेल तर सव्वादोन तासांहून जास्त. तेवढ्यात पुढचा गडी पेटवून मोकळा. हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक गाळणी, कण अडवतो, वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कार्बन लागतो आणि तो भरला की नुसता शोभेला उरतो. निकोटीन भिंती, पडदे, गालिचे यांत मुरते आणि पुढे बरेच दिवस हवेत परत सुटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ८ ची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये स्वीकारली गेली. त्यांतही वायुवीजन, हवागाळणी आणि वेगळी खोली हे तिन्ही मार्ग कुचकामी ठरवले आहेत.

तुमचा खरा शत्रू जिना आहे. बाहेर थंड आणि आत उबदार असेल तेव्हा जिना धुराड्यासारखा वागतो : खाली पेटवलेल्या सिगारेटचा वास चौथ्या मजल्यावर. बाहेर उकाडा आणि आत वातानुकूलन असले की प्रवाह उलटा, वरून खाली. आपल्याकडे काय होते ते पाहायला उपकरण नको. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी जिन्याच्या दाराच्या फटीशी धरा, ती ज्या बाजूला झुकेल तिकडे धूर जाणार. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा करा. हवा आत घेणाऱ्या जाळ्या कुठे आहेत तेही नकाशावर टिपा. त्या बहुधा गच्चीवर किंवा मागच्या भिंतीत असतात, आणि तिथेच आडोसा म्हणून माणसे उभी राहतात. मग एकाची सिगारेट अख्खा मजला ओढतो.

उत्तर : अग्निशमन_तपासनीस
वरच्याशी सहमत. आगीच्या बाजूने थोडी भर.

नुसती धुमसणारी सिगारेटही साधारण ६०० अंश सेल्सिअसला असते, झुरका घेताना टोक ९०० च्या आसपास जाते. प्रयोगशाळेत मात्र सिगारेटपेक्षा लायटर आणि काडी जास्त घातक, कारण तिथे उघडी ज्योत येते. डायएथिल ईथर या प्रयोगशाळेतल्या द्रावकाचा ज्वलनांक उणे ४५ अंश, म्हणजे कुठल्याही खोलीत ते पेटण्याइतकी वाफ सोडतेच. ती वाफ हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत सरकते आणि पेटवणारा दाराबाहेर असला तरी पोचते. म्हणून प्रयोगशाळेपुरता नियम 'ज्योत वा ठिणगी देणारी वस्तू आत नेऊ नये' असा लिहा. 'फ्यूम हूडखाली (वाफा ओढून बाहेर टाकणारे कपाट) चालते' हा समज तर स्पष्ट शब्दांत खोडा.

बंदी आली की माणसे स्वच्छतागृहात शिरतात आणि धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजा चढवतात. महिन्याच्या तपासणीत दिवा लुकलुकतो एवढे पाहून पुढे जाऊ नका, मान वर करून झाकण बघा. डिटेक्टर झाकणे हा धूम्रपानापेक्षा वेगळा आणि मोठा गुन्हा म्हणून नियमात ठेवा.

वेपची वाफ प्रकाशकिरणाने धूर टिपणारा डिटेक्टर वाजवू शकते. खोट्या घंटा वाढल्या की लोक खरी घंटाही मनावर घेत नाहीत. वेपला मोकळीक न देण्यासाठी एवढे कारण मला पुरते.

थोटके कुंडीत विझवणे बंद करा. कुंडीतले कोरडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तासन्‌तास आतल्या आत धुमसते आणि रात्री कोणी नसताना पेट घेते. बाहेरच्या राखदाणीत कोरडी वाळू घाला, आणि तिचा कचरा कागदाच्या पेटीत ओतू नका.

उत्तर : नियमलेखक
पळवाटा व्याख्येतच बुजतात. कलम ८ च्या तत्त्वांनुसार छत असलेली किंवा एक वा अधिक भिंतींनी वेढलेली कोणतीही जागा 'बंदिस्त', मग बांधकाम पक्के असो की तात्पुरते. हे उचला : जिना, व्हरांडा, तळघरातले वाहनतळ, मांडव एका फटक्यात आत येतात. गच्चीचे नाव वेगळे लिहा. 'धूम्रपान' म्हणजे पेटलेले उत्पादन हातात असणेही, झुरका घेतला नाही तरी. 'नुसती धरली होती' हे उत्तर तिथेच संपते. त्याच वाक्यात ई-सिगारेट जोडा.

केबिनला सूट नको. एका केबिनला दिली की नियम विद्यार्थ्यांपुरता उरतो आणि महिन्याभरात त्यांनाही लागू राहत नाही.

बाहेरचे अंतर दारे, उघडणाऱ्या खिडक्या आणि हवेच्या जाळ्या या तिन्हींपासून मोजा. साडेसात-आठ मीटर हा बऱ्याच इमारत-मानकांतला आकडा आहे. आणि राखदाणी दाराशी ठेवू नका! ती जिथे, माणसे तिथे. हद्दीच्या रेषेवर, येण्याच्या वाटेवर ठेवा म्हणजे विझवूनच आत येतील.

अपवाद दोनच : रंगमंचावर कथेची गरज म्हणून आणि संशोधनात धूर लागतो तेव्हा. दोन्हींना आधी लेखी परवानगी, तारीख-वेळ, आणि डिटेक्टर कोण बंद करणार व कोण पुन्हा सुरू करणार त्यांची नावे. दुसरे नाव विसरले जाते.

अंमलबजावणीत पहिल्यांदा तोंडी समज, मग लेखी, मग शिस्त समिती. सुरक्षारक्षकाला अडवण्याचा अधिकार लेखी द्या, नाहीतर प्राध्यापकाला तो कसा टोकणार? कंत्राटी कामगार आणि पाहुणे यांचाही उल्लेख हवा.

मसुदा_समिती
खोली रद्द. चौक मात्र वरून उघडा आहे आणि चारही बाजूंना भिंती आहेत. तो बाहेर धरावा का?

डक्टवाला
नाही, 'एक वा अधिक भिंती' मध्ये तो सरळ बसतो. एरवीही चारी बाजूंना खिडक्या असल्या की वारा वरून निघून जातो आणि खाली धूर घुटमळत राहतो. राखदाणी असेल तर आधी ती उचला, फलक नंतर लावा.