अल्बमच्या पॅकिंगने गायिकेची इमेज खरंच बनते का?

हल्ली सगळे गाणी स्ट्रीमिंगवरच ऐकतात, मग बॉक्स, पोस्टर, फोटोकार्डवर (अल्बमसोबत मिळणारा कलाकाराचा छोटा फोटो) एवढा खर्च कशाला?

सूरवेडी: अगं फरक पडतोच! टेलर स्विफ्टचा २०१४चा '१९८९' अल्बम बघ, कव्हरवर पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारा फोटो), त्यात चेहरा डोळ्यांच्या खालीच कापलेला, खाली मार्करनं खरडल्यासारखं नाव, शिवाय सीडीसोबत १३ पोलरॉइड आणि त्यावर गाण्याच्या ओळी, म्हणजे कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत) सोडून पॉपमध्ये आली तरी मैत्रिणीनेच फोटो हातात दिल्यासारखं वाटतं.

बी साइड: मला ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' अल्बम जास्त भारी वाटतो. फोटोच नाही, नुसता डोळ्यात खुपणारा पोपटी रंग आणि धूसर अक्षरं, बघून वाटतं कुणीतरी घाईत उरकलंय, पण तोच माज तिची ओळख झाला. २०२४ला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कमला हॅरिसच्या प्रचारवाल्यांनीपण तो रंग उचलला 😄

कोपऱ्यातला: के-पॉपचं (कोरियन पॉप) वेगळंय. पॅक फोडेपर्यंत ग्रुपमधल्या कुणाचं फोटोकार्ड निघेल कळत नाही, म्हणून लोक एकच अल्बम चार-चार घेतात. इमेज वगैरे ठीके, धंदा आधी.

सूरवेडी: धंदा आहेच, पण ते कार्ड फोनच्या कव्हरमागे मिरवतात ना, फुकटची जाहिरात!

मग नवख्या गायिकेने चेहरा न दाखवता चालेल?

बी साइड: अवघडे. आधी लोकांना ती माहीत तर हवी.