गाडी बंद पडल्यावर मेंबर व्हायचं का?

(लातूरच्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र ते रविवार दुपार)

जाधव (ए-३०२), रात्री ९:१४
मंडळी, गाडी बंद पडली. गेवराई सोडून बीडकडं यायलो होतो, पाडळशिंगी टोलच्या अलीकडं. सोबत आई आणि मिसेस आहेत. गाडीच्या कंपनीची फ्री रोडसाईड सर्व्हिस संपलीय. दुसऱ्या एका रोडसाईडवाल्यांना फोन लावला तर म्हणतात, खास ऑफर आहे, आत्ता मेंबर व्हा, ४,१३० भरा, मग माणूस पाठवतो. त्यांच्याच साईटवर तीच मेंबरशिप १,२०० ला दिसायलीय. भरू का? लवकर सांगा.

शेख (सी-१०४)
थांबा जाधव साहेब, भरू नका अजून. टोचन, म्हणजे गाडी ओढून नेणं, कुठपर्यंत करून देणार ते विचारा आधी.

सूर्यवंशी काका (ए-१०१)
पैशाचं मागून बघा. आधी सगळ्यायला गाडीतून उतरवा. डाव्या अंगाला, कठड्याच्या पल्याड उभं करा. गाडीत कुणी बसून राहू नका, मागून ट्रक कसा येईल सांगता येत न्हाई. चारी इंडिकेटर लावा. डिकीत लाल तिकोन असंल, तो लांब मागं ठेवा.

जाधव
उतरवलं काका. तिकोन ठेवला.

सूर्यवंशी काका
आता सांगा, बंद पडायच्या आधी काय झालं?

जाधव
बॉनेटमधून फटफट आवाज आला. मग बॅटरीचा लाल दिवा लागला. पाच मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर. मी बाजूला घेऊन बंद केली, आता चालू करायची भीती वाटायलीय.

सूर्यवंशी काका
बेल्ट तुटलाय. तुमच्या गाडीत अल्टरनेटर आन् पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतो. आता सेल मारू नका. दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन चालू होईल बी, पण चार-दोन किलोमीटरात हेड गॅस्केट उडालं म्हंजे इंजन खोलावं लागंल. एसटीच्या वर्कशॉपात जलम गेला, आवाज ऐकून सांगत होतो.

तोष्णीवाल (बी-२०३)
काका बरोबर म्हणतात. जाधव साहेब, ते जो माणूस पाठवतील त्याच्याकडं बेल्ट नसणार. 'जागेवर दुरुस्ती' म्हणजे स्टेपनी बदलून देणं, बॅटरीला जंप, पेट्रोल संपलं तर पाच लिटर आणून देणं (पेट्रोलचे पैसे तुमचे), किल्ली आत राहिली तर दार उघडून देणं. पार्ट त्यात येत नाही. तुम्हाला टोचनच लागणार.

जाधव
विचारलं. २५ किलोमीटरपर्यंत टोचन फ्री. पुढं किलोमीटरला २५ रुपये, तेही जाऊन-येऊन. गाडी आधीच बंद आहे म्हणून मेंबरशिपचा रेट जास्त, ३,५०० अधिक जीएसटी.

बिराजदार सर (सी-२०२)
तिथून लातूर दीडशे धरू. २५ वजा, उरले १२५. जाऊन-येऊन २५०. गुणिले २५ म्हणजे ६,२५०. त्यात ४,१३०. एकूण १०,३८०.

शेख
एवढ्यात मी लातूरहून माझी क्रेन पाठवून वर सगळ्यांना जेवू घालतो. १०३३ ला फोन करा. तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर आहात, पेट्रोलिंगची गाडी येईल. कोणत्या बाजूला आहात आणि जवळचा किलोमीटरचा दगड कोणता, एवढं सांगा.

देशमुख ताई (सी-३०१)
उद्या नळाला पाणी येणार आहे का?

पाटील (सेक्रेटरी)
हो ताई, सकाळी. जाधव साहेब, १०३३ लागला का?

जाधव
लागला. निघालेत म्हणे.

कुलकर्णी मॅडम (बी-४०१)
जाधव, अजून एक करा. त्या कंपनीला परत फोन करून विचारा, मेंबरशिप नको, फक्त एका वेळच्या टोचनचे किती? बहुतेक जण तो रेट आपणहून सांगत नाहीत. तुम्हाला आज एक क्रेन हवी आहे, वर्षभराचं कार्ड नको. ४,१३० मध्ये ते दोन्ही एकत्र बांधून देत आहेत.

जाधव, रात्री १०:०८
पेट्रोलिंगवाले आले. त्यांच्या क्रेननं टोलजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावून दिली. पुढं नेणार नाही म्हणाले, त्यांचं काम रस्ता मोकळा करायचं. शेखभाईंच्या ओळखीची गाडी आलीय, बीडला लॉजवर जातो. मॅडम, विचारलं. नुसतं टोचन बीडपर्यंत २,२००. सकाळी बघू.

जाधव, रविवार सकाळी ११:४०
बीडचा मेस्त्री मोटारसायकलवर बेल्ट घेऊन टोलवर आला. बेल्ट, टेन्शनरची बेअरिंग, कूलंट आणि त्याचं येणं-जाणं धरून ३,४००. टोचन लागलंच नाही. निघालो. पण १,२०० ची वस्तू रात्री ४,१३० ला विकायची म्हणजे अडला हरी गाढवाचे पाय धरी. बाई माणसं सोबत बघून भाव वाढवतात हे लोक.

कुलकर्णी मॅडम
सुखरूप निघालात हे बरं झालं. पण भाव तुम्हाला बघून वाढवला असं मला वाटत नाही. बँकेत आयुष्य गेलं, थोडा हिशोब कळतो. १,२०० भरणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांची गाडी त्या वर्षी बंद पडत नाही, म्हणून १,२०० मध्ये परवडतं. बंद पडलेली गाडी घेऊन जो मेंबर होतो, त्याच्यापोटी क्रेनचा खर्च पहिल्याच तासाला ठरलेला. त्याला १,२०० मध्येच घेतलं तर बाकीचे आधी कशाला भरतील? माझी लेक इंग्लंडमध्ये आहे. तिथे एए १९०५ पासून आणि आरएसी १८९७ पासून, रोडसाईड मदतीच्या इतक्या जुन्या संस्था. तिथेही रस्त्यात अडकल्यावर मेंबर होता येतं, पण जास्तीचे पैसे मोजूनच. आणि घरी बसून स्वस्तात घेतलं तर कव्हर लगेच लागू होत नाही, साधारण चोवीस तास थांबावं लागतं. ते यासाठीच.

जाधव
मॅडम, हिशोब पटतो. पण मग फोनवर सरळ सांगावं की हे टोचनचे पैसे आहेत. 'खास ऑफर' कशाला म्हणायचं?

कुलकर्णी मॅडम
ते मात्र तुमचं खरं.

शेख
आता आतली गोष्ट सांगतो. अशा कंपन्यांचं काम मी पण घेतो. त्यांची स्वतःची क्रेन इकडं नसते. फोन लागतो लांबच्या कॉल सेंटरला, तिथून निरोप येतो बीडच्या नाहीतर लातूरच्याच क्रेनवाल्याला. कंपनी पैसे देते दीड-दोन महिन्यांनी. मग रात्री दोन फोन आले, एक कंपनीचा आणि एक रोखीच्या गिऱ्हाइकाचा, तर क्रेनवाला आधी कुठं जाणार? एक तासात माणूस येईल म्हणतात, ते पुण्याला ठीक. मांजरसुंब्याच्या घाटात तीन तास लागलेले मी बघितलेत.

सूर्यवंशी काका
म्हणून म्हंतो, कार्डापेक्षा वळखीचा मेस्त्री बरा.

बिराजदार सर
काका, तुमच्या ओळखीचा मेस्त्री लातूरला. गाडी बंद पडते यवतमाळला.

जोगदंड ताई (बी-१०२)
आम्ही बुधवारी मुलीला नागपूरला सोडायला निघालोय, जालन्याहून समृद्धी धरणार. तिकडं पण १०३३ च का?

शेख
नाही ताई. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची, त्यांची हेल्पलाईन वेगळी. वर चढतानाच बोर्डवरचा नंबर मोबाईलमध्ये घ्या. आणि तिथं बीडसारखा मेस्त्री मोटारसायकलवर येऊ शकत नाही, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. चढायला-उतरायला फक्त इंटरचेंज. तिथं कंपनीचं कव्हर खरं कामाला येतं. टाकी फुल करा, टायरची हवा बघून घ्या.

तोष्णीवाल
जाधव साहेबांसारखं अजून कुणाचं होऊ नये म्हणून सांगतो, माझा इन्शुरन्सचा धंदा आहे म्हणून नाही. रोडसाईडचं कव्हर इन्शुरन्स पॉलिसीला जोडून मिळतं, काहीशे रुपयांत. पण ते ओन डॅमेजला, म्हणजे ओडीला (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) जोडतात. नुसत्या थर्ड पार्टीला (दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) नाही. आणि साधारणपणे ते पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करतानाच मिळतं, मध्येच नाही. क्रेन बोलावली म्हणून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जात नाही, हे पण लोकांना माहीत नसतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, टू व्हीलरला पाच. ओडी मात्र बहुतेकांची एकाच वर्षाची असते. लोक पहिल्या पानावरची लांबची तारीख बघतात आणि निवांत राहतात.

अनिकेत (सी-४०३)
एक मिनिट. माझी गाडी २०२४ ची. पॉलिसीवर २०२७ लिहिलंय.

तोष्णीवाल
ती थर्ड पार्टीची. त्याच्या वरच्या नाहीतर खालच्या ओळीत ओन डॅमेजची तारीख बघ.

अनिकेत
२०२५.

तोष्णीवाल
मग ओडी संपली, आणि सोबतचं रोडसाईडही संपलं. ९० दिवस उलटून गेले असतील तर नो क्लेम बोनसही गेला. तुझी इलेक्ट्रिक ना? तुला टोचन चालत नाही, चारही चाकं वर घेऊन न्यावी लागते. कव्हर घेशील तेव्हा फ्लॅटबेड, म्हणजे गाडी अख्खी वर घेऊन नेणारा ट्रक, मिळणार का ते लेखी बघ.

जाधव
भाऊ, माझं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे. आता ती १,२०० वाली मेंबरशिप वेगळी घेऊ का?

तोष्णीवाल
नको. रिन्युअललाच जोडून घ्या. फक्त टोचन किती किलोमीटर ते आधी विचारा. २५ चं असलं तर आपल्याकडं काय उपयोग, अंबाजोगाईहून लातूर पण येत नाही त्यात. ५०, १०० किलोमीटरवाली पण असतात. वर्षात किती वेळा बोलावता येतं तेही बघा.

पाटील (सेक्रेटरी)
१०३३ आणि शेखभाईंचा नंबर लिफ्टजवळच्या बोर्डवर लावतो.

शेख
माझा लावा, पण रात्री दोनला पंक्चरसाठी फोन करू नका.

अनिकेत
तोष्णीवाल काका, ओडी आज होईल का?

तोष्णीवाल
खंड पडलाय, त्यामुळं आधी गाडीचं इन्स्पेक्शन. फोटो आणि व्हिडिओ मोबाईलवरून पाठवायचे, मी लिंक टाकतो. तोवर चालवायला हरकत नाही, थर्ड पार्टी आहे. पण कुठं ठोकलीस तर तुझ्या गाडीचा खर्च तुझा.