महागडा बेस (बेस गिटार) घ्यायचाय, हाताला बसतो की नाही ते दुकानात कसं ओळखायचं?

देवगडचा_बेसवाला:
नमस्कार मंडळी. मी देवगडचा, अकरा वर्षं झाली ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, गणपतीपासून सुरू होतं ते जत्रा संपेपर्यंत, मग घरचं आंब्याचं काम. इतकी वर्षं एकाच साध्या चार तारांच्या बेसवर काढली, पण त्याचे पहिले पाच फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आता पार झिजलेत आणि दर पावसाळ्यात नेक, म्हणजे लांब दांडा, हलतो. यंदा आंब्याचे पैसे बरे आले, बायको म्हणाली दरवर्षी रिपेरिंगला घालवण्यापेक्षा एकदाच चांगला घेऊन टाका. बजेट अडीच-तीन लाख, म्हणजे आमच्यासाठी खूप मोठी रक्कम, चुकून चालणार नाही.

मनात फेंडरचा अमेरिकन जॅझ बेस आहे, म्युझिक मॅनचा स्टिंगरे आहे, सेकंडहँड मिळाला तर वॉरविकपण. अडचण अशी की इथे कुठे हातात घेऊन बघायला मिळत नाही. कणकवलीहून कोकणकन्या पकडून एकदा मुंबईला जाऊन आलो, दुकानात एसी फुल, ऍम्प मोठ्याने, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं, वीस मिनिटांत तीन बेस वाजवले आणि तिन्ही भारीच वाटले. एक जरा जास्त सोपा वाटला पण तो मुळात तसा आहे की दुकानदाराने तारा खाली करून ठेवल्यात म्हणून, हेच कळेना. आवाजाचं यूट्यूबवर ऐकता येतं हो, हाताला कसा लागतो ते कसं ठरवायचं? पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

चिपळूणचा_लो_ई:
दादा, तुमचा शेवटून दुसरा प्रश्नच खरा आहे, सेटअपमुळे की मुळातच. हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. तारांची उंची, नेकचा बाक, तारा जाड की बारीक, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा, हे सगळं चांगला माणूस एका बसण्यात बदलून देतो, त्यामुळे ऍक्शन, म्हणजे तारांची उंची, उंच आहे म्हणून बेस नाकारू नका आणि खाली आहे म्हणून भुलूही नका. नेकची जाडी, रुंदी, वजन, तोल, फ्रेट किती नीट बसवलेत आणि डेड स्पॉट (जिथे सूर लवकर विझतो ती जागा), हे जे मिळेल ते तुमच्याबरोबर जन्मभर.

पहिला अर्धा तास ऍम्प लावूच नका. बेसच्या वरच्या शिंगावर कान टेकवून वाजवा, लाकडातून सगळं ऐकू येतं. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, एकही न सोडता, सूर पूर्ण मरेपर्यंत थांबा. खासकरून सगळ्यात बारीक जी तारेवर पाचवा ते सातवा फ्रेट, तिथे बऱ्याच बेसवर एखादा सूर शेजारच्या सुरापेक्षा आधीच विझतो. त्या सुराला नेक स्वतः थरथरतो आणि तारेतली ताकद खाऊन टाकतो, महागड्या बेसमध्येही होतं आणि सेटअपने जात नाही. मग पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी म्हणजे ठीक. तिथे खूप बाक दिसला तर आधी ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवून द्यायला सांगा आणि मगच मत बनवा.

रुंदीचं म्हणाल तर जॅझ बेसचा नट साधारण ३८ मिलिमीटर, स्टिंगरेचा ४१ च्या आसपास, फेंडरच्याच जुन्या घाटाच्या प्रिसिजन बेसचा ४४ पर्यंत जातो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) सगळ्यांचं ३४ इंचच, तरी हे तीन मिलिमीटर डाव्या हाताला पहिल्या पोझिशनमध्ये लगेच कळतात. बारीक नेक सोपा वाटतो पण माझ्यासारख्या जाड बोटांच्या माणसाला तासाभरानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, म्हणून कमीत कमी पाऊण तास सलग वाजवा, मधे मधे बेस बदलत बसू नका.

आणि उभं राहून! दुकानात सगळे स्टुलावर बसून वाजवतात आणि स्टेजवर चार तास उभे. स्वतःचा पट्टा घेऊन जा, गळ्यात घाला, दोन्ही हात सोडा. नेक खाली जायला लागला तर संपूर्ण कार्यक्रमभर डावा हात वाजवण्याऐवजी तो उचलून धरत राहणार. सामान मोजायचा हुकवाला काटा पण बॅगेत टाका, चार किलोच्या आसपास असेल तर उत्तम, साडेचारच्या वर गेला तर खांद्याला विचारून बघा.

लाकूडवेडा_सावंतवाडी:
वरचं सगळं बरोबर, मी फक्त लाकडाचं सांगतो कारण आमच्या घरात तीन पिढ्या तेच काम. एसी दुकानात नेकच्या कडेवरून तळहात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतील कदाचित, लगेच फिनिशिंग खराब म्हणू नका. कोरड्या हवेत लाकूड आडव्या अंगाने आकसतं, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, म्हणून टोक बाहेर येतं. आपल्याकडे पावसात दार चौकटीत अडकतं आणि मे महिन्यात खुळखुळतं ना, तोच प्रकार. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पण टोक तिरपं घासून गोल केलेलं आहे की नुसतं कापलंय ते नीट बघा, ती मात्र कारागिराची मेहनत, तिथेच महाग आणि साध्या बेसचा फरक दिसतो.

आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा बहुतेक वेळ ८५-९० टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून नेक कसा बनवलाय ते विचारून घ्या. आतून ग्राफाइटचे रॉड असलेला किंवा भाजलेल्या मेपलचा नेक कमी हलतो, भाजल्यावर लाकूड पाणी कमी शोषतं. वॉरविकला बऱ्याच मॉडेलवर लॅकर नसतो, तेल आणि मेण असतं, हाताला फार सुंदर लागतं पण वेळच्या वेळी मेण लावायची तयारी हवी. आणि घरी आणल्यावर लगेच सेटअप करू नका, दोन आठवडे इथली हवा खाऊ दे त्याला.

मालवणी_झील:
बाबा, माका एक सांगूचा हा. ऍक्शन जितकी खाली तितको बेस चांगलो, ह्या डोक्यातसून काढ.
जेम्स जेमर्सन घ्या, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला, १९६२ चा प्रिसिजन, जाडजूड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा, तारा चांगल्या उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या बेसवर आजचा कुणीही दहा मिनिटांत दमेल, पण त्याच्या हाताला तो बसला होता. म्हणून दुकानात स्लॅप मारत (अंगठ्याने तार आपटत) बसू नकोस, तू स्टेजवर जे वाजवतोस तेच वाजव, कोळीगीत, गोंधळ, ते सहा मात्रांचं सलग चालतं ते, आणि ढोलकी जोरात असताना जेवढ्या ताकदीने तार ओढतोस तेवढ्याच ताकदीने. हळू वाजवताना मऊ लागणारा बेस जोर लावला की फ्रेटवर आपटायला लागतो. दुसरं नेकच्या पाठीमागचं पॉलिश. आपल्याकडे घाम असा की चकचकीत नेकवर अंगठा चिकटतो, मॅट असेल तर सरकतो. हात धुवून, कोरडे करून बघू नकोस, तसाच बघ.

देवगडचा_बेसवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवूनही सांगितलं नव्हतं. एक शंका, पाच तारांचा घ्यावा का? गायिका आली की गाण्याची पट्टी खाली जाते आणि मला खालचा डी लागतो.

चिपळूणचा_लो_ई:
त्यातल्या पाचव्या, सगळ्यात खालच्या सुराच्या बी तारेचा ताण बघा, सैल दोरीसारखी लागली तर नाही. ३५ इंच स्केलवर ती जास्त ताठ राहते पण पहिल्या फ्रेटला हात लांब जातो. फक्त डीसाठी घेत असाल तर चार तारांवर ई खाली उतरवणारी किल्ली बसवून मिळते, तुमच्या जुन्या हाताला तेच बरं.

देवगडचा_बेसवाला:
जाऊन आलो मंडळी. ज्या मॉडेलवर मन होतं त्याचे दोन नग दुकानात होते, कंपनी तीच, रंग तोच, आणि काट्यावर एक ४.१ किलो, दुसरा ४.७. जड होता तो ऍम्पवर जास्त दणदणीत वाटत होता, मागच्या वेळी मी तोच उचलला असता. कान टेकवून वाजवला तर जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सी शार्प दोन सेकंदांत संपत होता, शेजारचे सूर मस्त लांब चालत होते. हलका घेतला. त्याची ऍक्शन फार उंच होती, दुकानातल्या मुलाने पाव वळसा ट्रस रॉड फिरवला, सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ते तुकडे) खाली घेतले आणि तोच बेस वेगळा झाला. पाऊण तास उभ्याने गोंधळ वाजवला, शेवटी दोघं-तिघं गिऱ्हाईकं ऐकत उभी राहिली.

फ्रेटची टोकं तिथे टोचत होती, लाकूडवाल्या दादांचं आठवून गप्प राहिलो. आज घरी बारावा दिवस, सकाळी हात फिरवला, काहीच लागत नाही. सेटअप पुढच्या आठवड्यात करतोय.