टब लावायचेच तर कुठले? की लावूच नयेत?

शहापूरकर
एका ओळखीच्याकडून सायकलची जुनी कार्बन चाकं स्वस्तात मिळालीत. ट्यूब्युलरवाली, म्हणजे ट्यूब आतच शिवलेला टायर (टब) गोंदानं रिमवर चिकटवायची; आणि रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक रिमलाच दाबणारी. रविवारच्या राइडला सगळे एका सुरात म्हणाले, विकून टाक, टबचा जमाना गेला. मला पटलेलं नाही. जांबोटी-कणकुंबीचा चढ असो नाहीतर विजयपूरकडची सपाट शर्यत, चांगल्या टबसारखं पळणारं दुसरं काही नाही. फक्त निवडताना डोकं लावायला पाहिजे. व्हिटोरियाच्या कोर्सासारखा सुती घ्यावा, इंचाला ३२० धाग्यांचा, आत लॅटेक्सची (पातळ, लवचिक रबराची) ट्यूब असलेला. हवा नसताना हातात धरला तर जुन्या धोतरासारखा मऊ लागतो. स्वस्तातला जाड टब म्हणजे बागेतला पाइप. तो लावायचा आणि वर ‘टब हळू असतात’ म्हणायचं, ह्याला अर्थ नाही.

निपाणीकर
वेग टबात नाही ओ, कापडात आणि ट्यूबमध्ये आहे. तेच सुती कापड क्लिंचरमध्ये, म्हणजे रिमच्या कडांत अडकणाऱ्या सुट्या टायरात मिळतंय, लॅटेक्स ट्यूब वेगळी मिळते. मग टबमध्ये जास्तीचं काय? गोंद! टायर आणि रिमच्या मधला तो मऊ थर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो, तुमची ताकद त्यात जिरते. ट्रॅकवाले कडक गोंद वापरायचे ते उगाच नाही. तुम्ही गोंदाच्या कंटाळ्यानं दोन्हीकडून चिकटणारी टेप लावणार, म्हणजे आणखीच चिखल. राहिलं वजन. रिममागे शंभर-दीडशे ग्रॅम कमी, मान्य. कणकुंबीच्या चढाला त्याचे सेकंद किती वाचणार? वाटेत चहाला थांबता त्याचा हिशोब कोण करणार?

चोर्लावाला
निपाणीकर, तुम्ही सपाटीवरची माणसं. रिम ब्रेकची कार्बन क्लिंचर चाकं घेऊन चोर्ला घाट उतरून बघा एकदा. ब्रेक धरून धरून रिम तापते आणि आत लॅटेक्स असेल तर ती फुटते. कितीतरी रिमवाले स्वतःच लिहून देतात की कार्बन क्लिंचरमध्ये लॅटेक्स घालू नका. म्हणजे तुमचा तो वेगवान जोड ह्या चाकांवर जमतच नाही.

पण शहापूरकर, उष्णता टबलाही सोडत नाही. माझा अनुभव सांगतो. घाट उतरून खाली पाणी प्यायला थांबलो, सहज मागच्या चाकाकडे बघितलं तर व्हॉल्व्ह तिरका. सकाळी सरळ होता. म्हणजे गोंद मऊ होऊन टायर रिमवर सरकत होता आणि मला पत्ताच नाही. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये गॅपकडे उतरताना जोसेबा बेलोकीचं चाक वितळलेल्या डांबरावर घसरलं, टब रिमवरून निघाला आणि माणसाची मांडी मोडली. मे महिन्यात विजयपूरच्या रस्त्यावर दुपारी दोनला डांबर कसं असतं ते तुम्हीच बघा.

काळी माती
विजयपूरचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे विषय वॅटचा, म्हणजे वाया जाणाऱ्या ताकदीचा नाही, बाभळीचा आहे. रस्त्याकडेला वेड्या बाभळी, काटा असा की चपलेतून आरपार. क्लिंचर असेल तर पाच मिनिटांत ट्यूब बदलून पुढे. टब पंक्चर झाला की तो घरी न्यायचा, खालची पट्टी सोलायची, शिलाई उसवायची, ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावायचं, परत दाभणानं शिवायचं आणि पट्टी चिकटवायची. मी शिवलाय. दुसऱ्या वेळी सुई ट्यूबमध्येच घुसली.

परदेशात पंक्चर टबवर रायडर मागची गाडी येईपर्यंत तसाच पळतो, कारण टब रिमला धरून राहतो. आपल्या शर्यतीत मागून काय येतं? उसाचा ट्रॅक्टर.

शहापूरकर
ट्रॅक्टर 😄 मान्य. पण काट्यावर इलाज आहे की. व्हॉल्व्हचा कोर काढायचा, २०-३० मिली सीलंट आत सोडायचं, बारीक भोक बुजतं. आणि खड्ड्याचं कुणीच बोलेना! क्लिंचरच्या रिमच्या कडा खड्ड्यात ट्यूब चिमटतात, दोन दात लागल्यासारखी भोकं पडतात. टबच्या रिमला तसली कडच नाही, म्हणून हवा थोडी कमी ठेवून पळवता येतं. खानापूर रस्त्यावर हाच फायदा गोंदातल्या वॅटपेक्षा मोठा आहे.

निपाणीकर
हाच फायदा ट्यूबलेसला आहे. ट्यूबच नाही तर चिमटणार काय? मोठे संघ उगाच नाही तिकडे गेले.

चोर्लावाला
गेले, आणि हुकलेस रिमचा, म्हणजे टायर अडकवायला कडेला आकडा नसलेल्या रिमचा घोळ सोबत घेऊन गेले. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या रिमला ५ बारच्या वर हवा भरायची परवानगी नाही, टायर कुठला चालेल त्याचीही यादी. बाकी हे भांडण काही नवीन नाही. १८९१ मध्ये मिशलाँनं सुटा निघणारा टायर आणला, शार्ल तेराँ त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस जिंकला. तेव्हापासून ‘चिकटवलेला की सुटा’ चालूच आहे.

काळी माती
मग शेवटी कुठला घेणार? आमच्याकडे यायचं असेल तर कॉन्टिनेंटल कॉम्पिटिशन टब घ्या. आत ब्यूटिल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब, थोडा हळू, पण चिवट. लॅटेक्सला रोज सकाळी हवा भरत बसावी लागते.

शहापूरकर
पुढे कोर्सा २५ मिमीचा, मागे कॉम्पिटिशन. पंक्चर मागंच जास्त होतंय माझं. टेप नाही, गोंदच. रिमला तीन थर, टायरच्या पट्टीला दोन, प्रत्येक थर वाळवून. काल रात्री पहिला थर दिला. आई विचारते, घरात चपलांचा कारखाना काढलास काय.

निपाणीकर
चोर्ला उतरलात की आधी व्हॉल्व्हचा फोटो टाका. तिरका असला तर कुंदा तुमच्याकडून.