'तुंबाड' आईसोबत पुढे बघावा का? मदत हवी आहे

मंडळी, २०१८ चा 'तुंबाड' चित्रपट परवा आईसोबत लावला होता. १९१८ सालात घडणारा त्याचा पहिला भाग जेमतेम पार पडला. साखळीत बांधलेली ती आजी दिसली आणि आई भाजी निवडता निवडता ताट घेऊन थेट स्वयंपाकघरात. पण आता तीच रोज विचारते, "त्या पोराचं पुढे काय झालं गं?"

विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच. मावसभाऊ म्हणतो, "पुढे भीती नाहीच, सगळी हावेची गोष्ट, उगाच संथ." मैत्रीण २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा थिएटरात बघून आली, तिच्या मते खरा थरकाप शेवटाकडेच आहे. ऑफिसातला एकजण तर याला भयपट मानायलाच तयार नाही. परीक्षणं वाचली, त्यात कॅमेरा आणि पावसाचंच कौतुक. (पाऊस आहेच तसा, घरात बसून ओल आल्यासारखं वाटतं.)

आईला भुताखेताचं, अंधाराचं काही वाटत नाही. लहानपणी कोकणात वेताळ-मुंज्याच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली आहे. तिला सडलेलं अंग, विद्रूप चेहरा जवळून बघवत नाही, एवढंच. आवाज बंद करून किंवा मोबाइलवर बघणं नको, मजाच जाते.

शेवट कृपया फोडू नका, मीही पाहिलेला नाही. फक्त एवढं सांगा: १९३३ सालच्या भागापासून पुढे तसली किळसवाणी दृश्यं साधारण किती वेळा येतात, आणि त्यातली कुठली न बघता पुढे पळवली तरी गोष्ट कळेल?