मदत हवी आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं जळालेलं रान उपग्रहचित्रात कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती, आठवत असेलच. आमच्या काजूबागा त्या रानाला लागूनच आहेत. तेव्हा नेमकं किती जळलं, ते मला नकाशावर मांडायचंय.

नासाच्या फर्म्सवर (उपग्रहांनी टिपलेल्या आगी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) आगीचे ठिपके मिळतात, पण एक ठिपका म्हणजे जवळपास ३७५ मीटरचा चौकोन. बाग जळली की मागचं रान, ते त्यातून कळत नाही. म्हणून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची आगीआधीची आणि नंतरची चित्रं घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एनबीआरमधला (जळालेली जागा ओळखायच्या निर्देशांकातला) फरक काढला. घोडं अडलंय ते इथे. मार्चात सड्यावरचं (कातळी पठारावरचं) गवत वाळतं, जांभा उघडा पडतो आणि तोही जळल्यासारखाच दिसतो. उलट दाट झाडीखाली नुसता पाचोळा जळाला असेल तर वरून सगळं हिरवंगार!

सह्याद्रीत असं काम केलेल्यांनी कृपया सांगा: सडे आधीच वगळावेत, की आदल्या वर्षीच्या मार्चमधल्या चित्राशी तुलना करावी? फरक किती आला की जळालं असं धरता? आणि झाडीखालची आग प्रत्यक्ष रानात न फिरता कळते का?