मदत हवी आहे: माझ्या नावाडणीत जीव कसा ओतू?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट चालवायचं आणि बाकीची पात्रं वठवायचं काम माझं. शनिवारी आमच्या खेळाडूंची टोळी नदीकाठच्या गावात पोचेल, तिथे एक म्हातारी नावाडीण हवीय. आकडे 'कॉमनर'चेच, म्हणजे नियमांतल्या साध्या गावकऱ्याचेच घेतलेत: आर्मर क्लास (तिला फटका लागणं किती अवघड) १०, हिट पॉइंट्स (किती मार सोसेल) ४, सगळ्या क्षमता १०. म्हणजे एका फटक्यात खलास! ते चालेल. पण माझे गावकरी दरवेळी चौकशीची खिडकी होतात. विचारलं की माहिती देतात, संपलं. हिला जरा आडमुठी करायचीय. अंधार पडल्यावर ती नाव सोडत नाही, एवढंच सुचलंय. का सोडत नसेल? आणि तिला टोळीकडून काय हवं असावं? पैसे नकोत, ते फारच सोपं. आवाज कसा काढू तेही सांगा, माझ्या सगळ्या म्हाताऱ्या एकसारख्याच खोकतात.